संस्थेची चावी संस्थेच्याच हातात : मंडळं, वाचनालयं आणि ट्रस्टना संगणक-सेवा देण्याचा व्यवसाय



सेवा-व्यवसायाच्या मालिकेतला हा धडा जरा वेगळ्या गिऱ्हाइकाबद्दल आहे. आपण नेहमी दुकानदार, हॉटेलवाले, क्लासवाले यांना डोळ्यासमोर ठेवून बोलतो. पण तुमच्या गावात, वॉर्डात एकदा मोजून बघा. सार्वजनिक वाचनालय, महिला मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, गणेशोत्सव मंडळ, व्यायामशाळा, समाजाचं वसतिगृह, एखादा छोटा ट्रस्ट. या प्रत्येकाकडे एक तरी कॉम्प्युटर आहे, एक ई-मेल आहे, तीन-चार व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, देणगीचा क्यूआर कोड आहे. आणि हे सगळं नीट सांभाळणारा माणूस बहुतेक ठिकाणी नाही.

व्हिडिओत मी या कामाची ओळख करून दिली आहे. इथे सविस्तर लिहितो, म्हणजे वही-पेन घेऊन बसता येईल. काम काय, पहिल्या भेटीत काय बघायचं, पैसे किती मागायचे आणि कुठे स्पष्ट नाही म्हणायचं, हे सगळं यात आहे.

आधी गिऱ्हाईक समजून घ्या

दुकानाचा मालक एक असतो. संस्थेचा मालक कोणीच नसतो. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणी असते, आणि ती ठराविक वर्षांनी बदलते. आपल्याकडच्या बहुतेक संस्थांची नोंदणी सोसायटी नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यांखाली झालेली असते. विश्वस्त बदलले की धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. दप्तर, पावती पुस्तकं, शिक्का, बँकेच्या सह्या हे जुन्या मंडळींकडून नव्या मंडळींकडे जातं. त्याची एक पद्धत गावोगाव बसलेली आहे.

पण ई-मेलचा पासवर्ड? वेबसाइटचं नाव ज्या खात्यातून घेतलं ते खातं? फेसबुक पान? यांचं हस्तांतर होत नाही, कारण याला कोणी दप्तर समजतच नाही. ते कुणाच्या तरी फोनमध्ये असतं. बहुतेक वेळा हौशी तरुण कार्यकर्त्याच्या किंवा सचिवांच्या मुलाच्या.

आपला व्यवसाय नेमका या जागेवर उभा राहतो. संस्थेची खरी अडचण कॉम्प्युटर हळू चालण्याची नाही. पदाधिकारी बदलले की चावी हरवते, ही खरी अडचण आहे.

चावी हरवली की काय होतं

माझ्या दुकानात एक ज्येष्ठ गृहस्थ आले होते. एका जुन्या सांस्कृतिक मंडळाचे नवे सचिव. आधीचे सचिव अचानक वारले. मंडळाचं जीमेल त्यांच्या नावावर, दुसऱ्या टप्प्याचा कोड त्यांच्या नंबरवर. घरच्यांनी दोन महिन्यांनी ते सिम बंद केलं. त्यात काय वाईट? दुःखातल्या घराला हे कोण सांगणार की या नंबरावर मंडळाचं काही अडकलेलं आहे? त्या खात्यात तीसेक वर्षांच्या कार्यक्रमांचे स्कॅन केलेले फोटो होते, सभासदांची यादी होती, देणगीदारांचे पत्ते होते. मूळ फोटोंचे अल्बम स्कॅन झाल्यावर ज्यांच्या त्यांच्याकडे परत गेले होते आणि कोणाचे कुठे गेले ते लिहिलेलं नव्हतं.

मी त्यांना काही परत मिळवून देऊ शकलो नाही. कंपनीचा फॉर्म भरला, पण खातं मंडळाचं आहे हे सिद्ध करणारा एकही कागद नव्हता. खातं एका व्यक्तीचं होतं, आणि कंपनीच्या दृष्टीने ते बरोबरच होतं.

यात अजून एक गोष्ट लक्षात घ्या. गुगलच्या धोरणानुसार वैयक्तिक खातं दोन वर्षं कोणी वापरलं नाही तर ते आतल्या फाइल-फोटोंसकट पुसलं जाऊ शकतं. म्हणजे ‘बघू नंतर’ म्हणत बसलं, तर नंतर बघायला काही उरत नाही.

तुम्ही ही सेवा विकायला जाल तेव्हा सॉफ्टवेअरची नावं सांगू नका. एवढंच विचारा : “सचिव साहेब, उद्या तुमचा फोन हरवला तर संस्थेचं काय काय बंद पडेल?” मग गप्प बसा. उत्तर देता देता समोरचा माणूस स्वतःच यादी करायला लागतो.

हे काम जगात नवीन नाही

१९८७ साली सॅन फ्रान्सिस्कोत कॉम्प्युमेंटॉर नावाची संस्था सुरू झाली. कॉम्प्युटर येणाऱ्या स्वयंसेवकांची सेवाभावी संस्थांशी गाठ घालून द्यायची, हे तिचं काम. तीच पुढे टेकसूप झाली आणि आज अनेक देशांतल्या संस्थांना सवलतीत सॉफ्टवेअर मिळवून देते. अमेरिकेत एक माणूस अनेक छोट्या संस्था फिरून सांभाळतो, त्याला सर्किट रायडर म्हणायची पद्धत पडली. घोड्यावर बसून गावोगाव जाणाऱ्या जुन्या धर्मोपदेशकांवरून ते नाव आलं.

आपल्याला यातून व्यवसायाचं मॉडेल मिळतं. एका छोट्या संस्थेला पूर्ण वेळ माणूस परवडत नाही आणि एका संस्थेवर आपलं घर चालत नाही. पण दहा-पंधरा संस्था, प्रत्येकीला ठरलेल्या दिवशी भेट, असं चक्र लावलं तर दोघांचंही जमतं.

पहिली भेट : नुसती पाहणी

पहिल्या भेटीत काहीही दुरुस्त करायचं नाही. फक्त लिहून घ्यायचं. आणि पाहणीचे वेगळे पैसे घ्यायचे, फुकट नाही. एका कागदावर पाच रकाने आखा : वस्तू किंवा खातं, कोणाच्या नावावर, कोड कोणाच्या नंबरवर येतो, पैसे कधी भरायचे, दुसरं कोण उघडू शकतं.

मग एकेक विचारत जा.

१. ई-मेल. संस्थेच्या नावाचं आहे की कोणाचं खासगी? बँक, आयकर, धर्मादाय आयुक्तांचं पोर्टल, यांत कुठला ई-मेल आणि कुठला मोबाइल नोंदवला आहे?

२. वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन. ते कोणाच्या खात्यातून घेतलंय? नूतनीकरण कधी? वेबसाइट बनवणाऱ्याने स्वतःच्याच नावावर घेऊन ठेवलंय का? हे फार ठिकाणी सापडतं.

३. फाइली. सभासद यादी, इतिवृत्त, जमाखर्च, फोटो. कुठल्या मशीनवर आहेत? दुसरी प्रत आहे का?

४. फेसबुक पान, यूट्यूब, व्हॉट्सॲप ग्रुप. ॲडमिन किती? एकच असेल तर लाल खूण करा.

५. पैसे. क्यूआर कोड संस्थेच्या बँक खात्याचा आहे की खजिनदारांच्या स्वतःच्या? स्वतःचा असेल तर माणूस कितीही प्रामाणिक असो, हिशोबाच्या वेळी त्यालाच त्रास होतो. हे आदराने, पण स्पष्ट सांगा.

६. मशीन. कुठली विंडोज? विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशी मशीनं संस्थांच्या कार्यालयात अजून भरपूर आहेत.

७. मराठी टायपिंग. जुनी पत्रं, इतिवृत्तं श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत का? तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर ती उघडली की भलतीच अक्षरं दिसतात आणि त्यात मराठी शब्द टाकून शोधताही येत नाही. ती युनिकोडमध्ये आणणं हे एक स्वतंत्र, पैसे मिळवून देणारं काम आहे.

हा कागद भरला की त्याची एक प्रत संस्थेला द्या. तुम्हाला पुढचं काम मिळालं नाही तरी चालेल. तो कागदच त्यांच्या उपयोगाचा आहे, आणि तुमची ओळख त्या कागदानेच होणार आहे.

घडी कशी बसवायची

आता काम मिळालं असं धरू. क्रम महत्त्वाचा आहे, तो बदलू नका.

आधी ई-मेल. संस्थेच्या स्वतःच्या नावाचं खातं, दुहेरी पडताळणी चालू, आणि राखीव कोड कागदावर छापून बंद पाकिटात. गुगल असे १० राखीव कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. ते पाकीट प्रोसिडिंग बुक जिथे असतं त्या कपाटात ठेवायचं. कपाटाची किल्ली पदाधिकारी बदलले की आपोआप पुढे जाते. म्हणजे आपण नवी पद्धत शिकवत नाही, जुन्या पद्धतीला हे काम जोडून देतो.

संस्था नोंदणीकृत असेल आणि तिचं स्वतःचं डोमेन असेल, तर गुगल फॉर नॉनप्रॉफिट्ससाठी अर्ज करा. पडताळणी झाली की संस्थेच्या नावाचे ई-मेल आणि बाकी वर्कस्पेस मोफत मिळतं. शाळा-कॉलेजं, हॉस्पिटलं आणि सरकारी संस्था यात बसत नाहीत, हे आधीच सांगून टाका, म्हणजे नंतर नाराजी नाही. कॅनव्हाचीही संस्थांसाठी मोफत योजना आहे. निमंत्रणपत्रिका, अहवालाचं मुखपृष्ठ, बॅनर यासाठी महिला मंडळांना ती फार आवडते.

मग डोमेन. ते संस्थेच्या ई-मेलवर, संस्थेच्या नावे घ्या. तुमच्या खात्यातून स्वस्त पडतं म्हणून स्वतःच्या नावावर घेऊ नका. पैसे संस्थेच्या खात्यातून जाऊ देत, बिल संस्थेच्या नावाचं येऊ दे.

तिसरं, प्रती. नियम सोपा आहे : महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक इमारतीच्या बाहेर. कार्यालयाच्या मशीनवर एक, ड्राइव्हवर एक, आणि एका हार्ड डिस्कवर एक, जी खजिनदारांच्या घरी राहते. पुराचं पाणी तळमजल्यावरच्या कार्यालयात शिरतं अशा गावांत तिसऱ्या प्रतीचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही. प्रत काढली एवढ्यावर थांबू नका, ती उघडूनही बघा. न उघडलेली प्रत ही प्रत नसते.

चौथं, मशीन. विंडोज ११ चालत असेल तर ती टाका. मशीन जुनं असेल आणि काम फक्त पत्रं, याद्या, इंटरनेट एवढंच असेल, तर लिनक्स मिंट आणि लिब्रेऑफिस मोफत आहे आणि मराठी टायपिंगही चालतं. पण हिशोब टॅलीत होत असेल तर आधी सीएंना विचारा. त्यांची पद्धत मोडून तुमची हौस भागवायची नाही.

पाचवं, खास कामाचं सॉफ्टवेअर. वाचनालय असेल तर कोहा हे मोफत, खुलं सॉफ्टवेअर आहे. मूळ न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयासाठी बनलेलं, आता जगभर वापरलं जातं. पण पाच हजार पुस्तकं आणि एक अर्धवेळ ग्रंथपाल असलेल्या ठिकाणी ते झेपेल का, हे ग्रंथपालांनाच विचारा. कित्येकदा नीट बनवलेली एक्सेल यादी पुरते. गिऱ्हाइकाला पुरणारी वस्तू विकायची, आपल्याला येणारी नाही.

शिकवणं हेच मुख्य काम

आता धड्याचा मुद्दा. सगळं बसवून तुम्ही निघून गेलात आणि ते चालवता फक्त तुम्हालाच येतं, तर तुम्ही काय केलंत? चावी आधी दिवंगत सचिवांकडे होती, आता तुमच्याकडे आहे. संस्थेकडे अजूनही नाहीच.

म्हणून प्रत्येक कामाला दोन माणसं शिकवायची. एक नाही, दोन. त्यातली एक शक्यतो पदाधिकारी नसलेली : ग्रंथपाल, कार्यालयातल्या ताई, नियमित येणारा तरुण सभासद. कारण पदाधिकारी बदलतात, या मंडळी राहतात.

शिकवताना माऊस त्यांच्या हातात. आपला हात पाठीमागे. हे अवघड जातं, कारण आपण दोन मिनिटांत करतो त्याला त्यांना वीस लागतात. वीस लागू देत. साठीच्या पुढच्या काका-काकूंना “अहो सोप्पं आहे” असं म्हणू नका. सोपं असतं तर त्यांनी तुम्हाला बोलावलं नसतं, आणि त्यांना जमलं नाही तर सोपी गोष्टही जमली नाही असं वाटतं. “पहिल्यांदा किचकट वाटेल, तिसऱ्यांदा हात बसेल” असं म्हणा.

मग एक वही. मराठीत, हाताने किंवा छापून, मोठ्या अक्षरात. ‘सभासद यादीत नवीन नाव कसं घालायचं’, ‘हार्ड डिस्कवर प्रत कशी काढायची’, ‘नवे सचिव आले की काय काय बदलायचं’. एका पानावर एक काम. वाक्यं त्यांच्या तोंडची ठेवा. त्या ताई ‘बाण’ म्हणत असतील तर वहीत बाणच लिहा, कर्सर नको.

शेवटी परीक्षा, आणि ती आपली. तुम्ही गप्प बसायचं, फोन बंद ठेवायचा, आणि त्या दोघांपैकी एकाने वही बघून तीन कामं करून दाखवायची. जमलं तर काम पूर्ण. नाही जमलं तर वहीचं ते पान पुन्हा लिहायचं. चूक पानाची आहे, माणसाची नाही.

“सर, सगळं शिकवलं तर आपल्याला परत कोण बोलावणार?”

कार्यशाळेत हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. उत्तर हिशोबाने देतो. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावाप्रमाणे बदला.

पाहणी २,५०० रुपये. घडी बसवणं आणि शिकवणं १२,००० रुपये. म्हणजे नव्या संस्थेमागे १४,५०० रुपये, आणि आपले सहा दिवस. नंतर वर्षाला चार भेटी, प्रत्येकी १,५०० रुपये, अर्धा-अर्धा दिवस. म्हणजे जुन्या संस्थेमागे वर्षाला ६,००० रुपये.

समजा तुमच्याकडे १० जुन्या संस्था आहेत आणि वर्षात ६ नव्या मिळाल्या.

जुन्या : १० × ६,००० = ६०,००० रुपये. दिवस २०.
नव्या : ६ × १४,५०० = ८७,००० रुपये. दिवस ३६.
एकूण : १,४७,००० रुपये. दिवस ५६.

प्रवास : जुन्यांच्या ४० फेऱ्या, नव्यांच्या ३६, फेरीला २०० रुपये धरले तर १५,२०० रुपये. उरले १,३१,८००. भागिले ५६, म्हणजे दिवसाला साधारण २,३५० रुपये.

आता खरा खर्च. जुन्या संस्थांनी प्रत्येकी महिन्याला एक तास फोनवर घेतला, “दादा, ते प्रिंट येत नाहीये” वगैरे, तर वर्षाला १२० तास, म्हणजे आठ तासांचे १५ दिवस. मग ५६ ऐवजी ७१ दिवस, आणि दिवसाची कमाई उतरते साधारण १,८५० रुपयांवर. दिवसामागे ५०० रुपये नुसत्या फोनने खाल्ले!

आता सांगा, न शिकवलेली संस्था जास्त फोन करते की शिकवलेली? संस्थेला लटकवून ठेवलं की काम वाढतं, पैसे वाढत नाहीत. शिकवलेली संस्था तुम्हाला फुटकळ कामासाठी बोलावत नाही, मोठ्या कामासाठी बोलावते : नवीन मशीन घ्यायचंय, जुनी इतिवृत्तं युनिकोडमध्ये आणायचीत, सुवर्णमहोत्सवाची वेबसाइट हवीय. शिवाय तिचे विश्वस्त आणखी दोन संस्थांवर असतात. या क्षेत्रात जाहिरात चालत नाही, तोंडी शब्द चालतो.

आणि हेही बघा, ७१ दिवसांत वर्षाचं घर चालत नाही. हा व्यवसाय दुकान, सायबर कॅफे, टायपिंग किंवा क्लास यांच्या जोडीला चांगला. पहिल्याच वर्षी यावर नोकरी सोडू नका.

कोटेशन, ठराव आणि पैसे

संस्थेत “करून टाका हो, बघू पैशाचं” असं कोणी म्हटलं तर हसून नमस्कार करा आणि कोटेशन द्या. अध्यक्षांनी तोंडी सांगितलेलं काम कार्यकारिणीला मान्य नसू शकतं. सभेत ठराव झाला, इतिवृत्तात आला, की पैसे मागताना तुमची मान ताठ राहते. निम्मी रक्कम सुरुवातीला, निम्मी परीक्षेनंतर. बिल संस्थेच्या नावे, पैसे संस्थेच्या खात्यातून. मार्च-एप्रिलमध्ये खजिनदार हिशोबात बुडालेले असतात, तेव्हा वसुलीची अपेक्षा ठेवू नका. गणेशोत्सव मंडळाला श्रावणात नवीन काही सुचवू नका.

फुकट काम करायचं का? कधी कधी जरूर करा, माणूस म्हणून. पण तेव्हाही बिल करा, त्यात पूर्ण रक्कम लिहा आणि खाली सवलत म्हणून पूर्ण वजा दाखवा. म्हणजे संस्थेला कामाची किंमत कळते आणि पुढच्या समितीला “हे तर फुकटच करतात” असं वाटत नाही.

तुमची स्वतःची कागदपत्रंही नीट ठेवा. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, कोणाला पैसे देऊ नका. कामगार थोडेच असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाखाली ऑनलाइन सूचना दिली की पुरतं. फक्त सेवा देत असाल तर वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर जीएसटी नोंदणी लागते. दुकानाच्या मालाची विक्रीही सोबत असेल तर एकत्र उलाढाल सीएंना दाखवून घ्या.

इथे ‘नाही’ म्हणायचं

एक, संस्थेत दोन गट पडलेत आणि एक गट म्हणतो, “पासवर्ड फक्त आम्हाला द्या.” उत्तर ठरलेलं : “कार्यकारिणीचा ठराव दाखवा, त्यात ज्यांची नावं असतील त्यांना देतो.” दोन्ही गटांना हेच उत्तर. वाद धर्मादाय आयुक्तांकडे किंवा कोर्टात असेल तर कशालाही हात लावू नका. आणि तुमच्याकडे पासवर्ड नसलेच, पाकीट कपाटातच असलं, तर हा प्रश्न तुमच्यापर्यंत येतच नाही. संस्थेच्या हातात चावी ठेवण्याने आपणही असे वाचतो.

दोन, निवडणूक आली की कोणीतरी विचारतं, “त्या संघाच्या सभासदांचे नंबर आहेत ना तुमच्याकडे? पाठवा की.” ते नंबर तुमचे नाहीत, आणि मागणाऱ्याचेही नाहीत. सभासदाने ते पुस्तक बदलायला, सहलीचा निरोप मिळायला दिलेत. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झालेला आहे. पण कायदा बाजूला ठेवा, एकदा का गावात कळलं की तुमच्याकडून याद्या फुटतात, तर एकही संस्था तुम्हाला मशीनला हात लावू देणार नाही. काम संपलं की तुमच्या लॅपटॉपवरची त्यांची माहिती त्यांच्यासमोर पुसा.

तीन, मागच्या तारखेचं इतिवृत्त, जुन्या तारखेची पावती बनवून देणं. ते टायपिंगचं काम नाही. चहा पिऊन या.

चार, हिशोब तपासणी, आयकर विवरण, बदल अर्ज. ही सीए आणि वकिलांची कामं. फाइली लावून द्यायच्या, सल्ला द्यायचा नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या घरापासून चालत जाता येईल अशा पाच संस्थांची यादी करा. कोणाच्या ओळखीने जाता येईल ते नाव पुढे लिहा.

२. पाच रकान्यांचा पाहणी कागद आधी स्वतःच्या दुकानासाठी किंवा घरासाठी भरा. तुमचा फोन हरवला तर काय काय बंद पडेल? आधी तिथे दुरुस्ती करा, मग दुसऱ्याला शिकवा.

३. वहीचं एक पान लिहा : ‘हार्ड डिस्कवर प्रत कशी काढायची’. ते घरातल्या अशा माणसाला द्या ज्यांनी हे कधी केलेलं नाही. काही न बोलता शेजारी बसा. ते जिथे अडतील तिथे पान सुधारा.

४. वरचा हिशोब तुमच्या दरांनी पुन्हा मांडा. फोनचे तास विसरू नका.

तिसरा गृहपाठ सगळ्यात महत्त्वाचा आहे. तो ज्याला जमला त्याला हा व्यवसाय जमेल. बाकीचं तंत्र शिकता येतं.

पुढच्या धड्यात वार्षिक सेवा करार कसा लिहायचा ते बघू. तोपर्यंत कामाला लागा!